शस्त्र गुप्त ठेवा, पण बोललात तर एका तोंडाने आणि खरं बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय हे मला कळतंय, जागा नसेल तर कापा पण ब्रह्मोस मिसाइलचा भाग तेवढा ठेवा, त्याच्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

मी खडकीला राहतो. दारूगोळ्याच्या एका सरकारी कारखान्यात ३२ वर्षं काम करून रिटायर झालो, त्यातली शेवटची बरीचशी इन्स्पेक्शनला. आपण दिवसभर नेमकं काय तपासतो हे मी घरी बायकोला सुद्धा कधी सांगितलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही, फॅक्टरी इस्टेटमधल्या सगळ्याच क्वार्टर्समध्ये हे असंच होतं, पोरं शाळेत सांगायची बाबा फॅक्टरीत आहेत, विषय संपला. त्यामुळे गुप्ततेच्या विरोधात मी एक अक्षरही लिहिणार नाहीये. देशाला काही गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात आणि त्या ठेवल्याच पाहिजेत. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे, की सरकार जेव्हा स्वतःहून तोंड उघडतं, नवीन मिसाइलबद्दल, अणुचाचणीबद्दल, पाणबुडीबद्दल, तेव्हा कोण बोलणार, किती बोलणार आणि बोललेलं चुकीचं निघालं तर ते दुरुस्त कोण करणार हे आपल्याकडे धड ठरलेलं दिसत नाही. प्रत्येक वेळी ज्याच्या हातात माईक तो बोलतो.

मे २०२५ मधले पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूरचे ते चार दिवस आठवा. ७ तारखेला सकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग असे तिघं एका टेबलावर बसले आणि शांतपणे सांगितलं की कुठे मारलं, का मारलं. मला ते फार आवडलं होतं, मनापासून सांगतो, असंच पाहिजे असं वाटलं. परराष्ट्र खातं आणि सैन्य एका टेबलावर, एकच माहिती, आरडाओरडा नाही. पण चारच दिवसांनी ११ तारखेला लखनौला ब्रह्मोसच्या नव्या युनिटचं उद्घाटन झालं आणि तिथे उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री भाषणात म्हणाले की ऑपरेशन सिंदूरमध्ये ब्रह्मोसची झलक तुम्ही पाहिलीच असेल, नसेल पाहिली तर पाकिस्तानातल्या लोकांना विचारा. आता बघा, टेबलावर बसलेले अधिकारी कुठलं शस्त्र वापरलं याबद्दल एकेक शब्द जपून वापरत होते आणि इकडे एका राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी मिसाइलचं नावच घेतलं. मग विमानं पडली का हा प्रश्न आला. एअर मार्शल भारती ११ मेच्या ब्रीफिंगमध्ये एवढंच म्हणाले की युद्धात नुकसान होतंच, पुढे काही नाही, आणि नुकसान झालं याची सरळ कबुली आली ३१ मेला, ती पण सिंगापूरहून, तिन्ही दलांचे प्रमुख (सीडीएस) जनरल चौहान यांनी परदेशी वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीत. मी जनरल साहेबांना दोष देत नाहीये, ते जे बोलले ते समजूतदारपणे बोलले, आकडा नाही दिला आणि चुका शोधून दुरुस्त केल्या असं सांगितलं. पण ही गोष्ट ज्यांच्या घरातली पोरं सैन्यात आहेत त्या सांगली-साताऱ्याच्या माणसाला सिंगापूरच्या मुलाखतीतून का कळावी? मधल्या तीन आठवड्यांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय काय फिरलं ते मी सांगत बसत नाही, व्हिडिओ गेममधली विमानं खरी म्हणून फिरली, सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेकला ती खोटी आहेत हे सांगत बसावं लागलं. सरकार गप्प बसलं की ती जागा रिकामी राहत नाही, कोणीतरी येऊन बसतंच.

आता ब्रह्मोस. ९ मार्च २०२२, संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या हवाई दलाचं एक मिसाइल चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नू नावाच्या गावाजवळ जाऊन पडलं. स्फोटकं नव्हती, कोणी मेलं नाही, ही देवाची कृपा. आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाणारी ही चीज, वरून प्रवासी विमानं जा-ये करतात तो पट्टा, आणि दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाकिस्तानी सैन्याच्या प्रवक्त्याने प्रेस कॉन्फरन्स घेतली, नकाशा लावला, किती उंचीवरून आलं, किती किलोमीटर आत आलं, कुठे वळलं, सगळं सांगितलं. आणि आपलं निवेदन आलं ११ तारखेला. म्हणजे आपलं मिसाइल, आपली चूक, आणि जगाला ती पहिल्यांदा सांगितली पाकिस्तानने. हे मला आजही बोचतं.

त्या निवेदनात होतं काय तर नेहमीच्या देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाडामुळे एक मिसाइल अपघाताने सुटलं, आम्हाला खेद आहे, उच्चस्तरीय चौकशी लावलीय. मिसाइलचं नाव नाही. १५ मार्चला राजनाथ सिंग संसदेत बोलले तेव्हाही आपली यंत्रणा अत्यंत सुरक्षित आहे असंच सांगितलं. मग २३ ऑगस्टला हवाई दलाने सांगितलं की ते ब्रह्मोस होतं, ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही हे मुख्य कारण निघालं आणि तीन अधिकाऱ्यांना नोकरीतून काढून टाकलंय. मार्चमध्ये तांत्रिक बिघाड, ऑगस्टमध्ये माणसांची चूक. मी इन्स्पेक्शनला होतो म्हणून सांगतो, ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वस्तूत दोष असेल तर सगळा लॉट थांबवायचा, बाकीचे सगळे नग उघडून बघायचे. माणसाने पायरी चुकवली असेल तर ट्रेनिंग आणि चेकलिस्ट बघायची. आणि ज्याला हे मिसाइल विकत घ्यायचंय त्यालाही हा फरक कळतो, त्याच वर्षी जानेवारीत फिलिपिन्सने आपल्याशी ब्रह्मोस खरेदीचा करार केला होता. दोन दिवसांत कारण कळणं शक्यच नव्हतं, चौकशी व्हायची होती, तर मग पहिल्याच निवेदनात तांत्रिक बिघाड असं लिहायची घाई कशाला? मिसाइल सुटलं, आमचं होतं, कारण शोधतोय, कळलं की सांगू, एवढं ९ तारखेच्या रात्रीच बोलता आलं असतं. त्यात कुठलं गुपित फुटत होतं? पाकिस्तानच्या रडारने तर ते बघितलेलंच होतं.

आणि त्यात अजून एक गोष्ट आहे जी आपल्याकडे कोणी फारशी बोलत नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये भारत आणि पाकिस्तानने करार केलाय की बॅलिस्टिक मिसाइलची, म्हणजे उंच वर जाऊन कमानीसारखं खाली येतं त्याची, चाचणी घ्यायची असेल तर किमान तीन दिवस आधी एकमेकांना कळवायचं. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, सीमेवर सैन्य भिडून उभं राहिलं, त्या सगळ्यानंतर दोघांनाही कळलं की चाचणीचं मिसाइल समोरच्याला खरं वाटलं तर अनर्थ होईल. पण करार फक्त बॅलिस्टिकपुरता. ब्रह्मोस क्रूझ मिसाइल, विमानासारखं हवेतून उडत जाणारं, ते त्यात बसतच नाही. म्हणजे जे शस्त्र फार कमी वेळ देतं त्याच्याबद्दल बोलायची काही रीतच लिहून ठेवलेली नाही. २०२२ नंतर तरी ही फट बुजवायला हवी होती असं मला वाटतं.

पोखरणबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. ११ मे १९९८ ला आम्ही सगळे कँटीनमध्ये टीव्हीपुढे उभे होतो, अंगावर काटा आला होता, तो दिवस आठवला की अजूनही येतो. अटलजींनी निवासस्थानाच्या लॉनवर येऊन अगदी मोजकी वाक्यं वाचली. दुपारी पावणेचारला तीन भूमिगत चाचण्या केल्या, एक फिशन म्हणजे साध्या अणुबॉम्बची, एक कमी ताकदीची आणि एक थर्मोन्यूक्लियर म्हणजे हायड्रोजन बॉम्बची, ताकद अपेक्षेप्रमाणे आहे, किरणोत्सर्ग बाहेर आलेला नाही, शास्त्रज्ञांचं अभिनंदन. बस. असं निवेदन पाहिजे, मी तर म्हणतो की ते सरकारी अधिकाऱ्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलं पाहिजे. १७ तारखेला अणुऊर्जा खातं आणि डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था यांनी एकत्र पत्रकार परिषद घेतली, अणुऊर्जेचे आर. चिदंबरम आणि डीआरडीओचे कलाम दोघंही होते, आकडे दिले की थर्मोन्यूक्लियर सुमारे ४३ किलोटन (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटीएवढी ताकद), फिशन सुमारे १२, आणि छोटा एक किलोटनपेक्षाही कमी. दोन खाती एका मंचावर, एकच कागद. इथपर्यंत सगळं झकास.

पण त्याच सुमारास दुसरीकडे काय झालं बघा. चाचणीच्या आठवडाभर आधीच संरक्षण मंत्री जॉर्ज फर्नांडिस, आपल्या मुंबईच्या कामगार चळवळीतले जॉर्ज, चीन हा एक नंबरचा संभाव्य धोका असं बोलून बसले होते. आणि ११ तारखेला अटलजींनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना पत्र लिहिलं, त्यात चीनचं नाव न घेता शेजारचं उघड अण्वस्त्रधारी राष्ट्र, ६२ ला आपल्यावर चाल करून आलेलं, असं कारण दिलं होतं. ते पत्र १३ तारखेला न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं. लॉनवरच्या निवेदनात कारणाबद्दल शब्द नव्हता, तो विचार करूनच गाळला होता असं मी समजतो, आणि दोन दिवसांत अमेरिकन पेपरात सगळं कारण उघडं. चीनशी संबंध बिघडले ते सावरायला कितीतरी दिवस गेले. खाजगी पत्र फुटणारच हे धरून चालायला हवं होतं. जे बाहेर बोलणार नाही ते पत्रात लिहायचं नाही आणि पत्रात लिहिणार असू तर ते आपल्या लोकांना आधी सांगायचं, एवढा साधा हिशोब आहे.

आणि तो थर्मोन्यूक्लियरचा आकडा. परदेशातल्या भूकंपतज्ज्ञांनी तेव्हापासूनच सांगितलं की त्यांच्या यंत्रांवर एवढा मोठा धक्का दिसत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बीएआरसी) लोकांनी करंट सायन्स या विज्ञान मासिकात आपलं गणित छापलं, खडकाचा प्रकार काय, दोन स्फोटांच्या लहरी एकमेकांत कशा मिसळतात वगैरे. ठीक, परदेशी लोक म्हणतात म्हणून सोडून देऊ. पण २००९ च्या ऑगस्टमध्ये के. संथानम, जे स्वतः ९८ ला डीआरडीओकडून पोखरणच्या जागेवर होते, ते म्हणाले की थर्मोन्यूक्लियर अपेक्षेइतका चालला नाही. सप्टेंबरमध्ये आपले अनिल काकोडकर, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष, आणि चिदंबरम यांनी पत्रकार परिषद घेऊन ठामपणे सांगितलं की तो यशस्वी होता. मी काकोडकर साहेबांचा फार आदर करतो, आणि कोण बरोबर कोण चूक हे ठरवायची माझी लायकी नाही. पण एकाच चाचणीवर एकत्र काम केलेली दोन सरकारी खात्यांतली माणसं अकरा वर्षांनी टीव्हीवर समोरासमोर उभी राहतात हे सामान्य माणसाला हादरवणारं आहे. संथानम यांनी स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घ्या असं म्हटलं होतं. बंद दाराआड, गुप्ततेची शपथ घेतलेल्या लोकांनी ते केलं असतं आणि एका ओळीचा निष्कर्ष जाहीर केला असता तरी चाललं असतं. आकड्यांबद्दल आपला आधीचा अनुभव पण काही सुखाचा नाही. १८ मे १९७४ ला आपण जगाला शांततामय अणुस्फोट असं सांगितलं आणि १९९७ ला राजा रामण्णा, ज्यांनी ते काम केलं, तेच म्हणाले की तो बॉम्बच होता. तेवीस वर्षं आपले राजदूत जगभर एक वाक्य बोलत राहिले आणि मग बनवणाऱ्यानेच दुसरं सांगितलं.

मिशन शक्तीचं थोडक्यात सांगतो. २७ मार्च २०१९, निवडणूक जाहीर झालेली, पंतप्रधानांचं ट्वीट आलं की पावणेबारा ते बाराच्या दरम्यान महत्त्वाचा संदेश घेऊन येतोय. तासभर अख्खा देश घाबरून बसला होता, बालाकोटला महिना झाला होता फक्त, आमच्या शेजारच्या बाई दूध आणि मेणबत्त्या आणायला गेल्या, नोटाबंदी आठवत होती लोकांना. मग कळलं की आपण आपलाच सॅटेलाइट पाडलाय, सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा. कामगिरी मोठी होती, छाती भरून आली. परराष्ट्र खात्याने त्याच दिवशी प्रश्नोत्तरांचा कागद काढला, ते तर उत्तम केलं, त्यात लिहिलं होतं की कचरा काही आठवड्यांत खाली येऊन जळून जाईल. डीआरडीओने ४५ दिवस सांगितले. १ एप्रिलला नासाचे प्रमुख म्हणाले की २४ तुकडे स्पेस स्टेशनच्याही वर गेलेत. आणि वर्ष उलटल्यावरही काही तुकडे कक्षेत फिरतच होते. बहुतेक कचरा लवकर पडला हे खरं आहे, आणि हवामान, सूर्य, किती तुकडे वर फेकले जातील हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही हेही मला समजतं. मग बहुतेक तुकडे असा शब्द घालायला काय हरकत होती? आणि ४५ दिवस झाल्यावर, इतके पडले इतके राहिले, असं सांगायला सरकारी बाजूने कोण पुढे आलं? ते परदेशातल्या याद्यांवरून कळत राहिलं. त्यावर कडी म्हणजे सारस्वत म्हणाले की आधीच्या सरकारने आम्हाला ह्या चाचणीसाठी होकार दिला नाही, आणि शिवशंकर मेनन म्हणाले की आमच्याकडे परवानगी मागितलीच नव्हती. एक डीआरडीओचे माजी प्रमुख, दुसरे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. आता आम्ही वाचकांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

मुंबईकरांनी तर २०१२ मध्ये अशीही बातमी वाचली होती की क्षेपणास्त्रविरोधी कवच तयार आहे आणि ते आधी दिल्ली आणि मुंबईला बसणार. तेव्हा माझी बहीण दादरला राहायची, तिने फोन करून विचारलं होतं की अरे म्हणजे आता आमच्यावर काही पडणार नाही ना. काय सांगणार तिला? चाचण्या त्याच्यानंतरही दहा-बारा वर्षं चालूच राहिल्या. जे तयार व्हायचंय त्याला तयार आहे म्हणणं ही फुशारकी झाली, आणि लोक तिच्यावर विसंबतात.

उलट बाजूने अरिहंत ही आपली अणुपाणबुडी बघा. २००९ ला विशाखापट्टणमला पाणबुडी पाण्यात सोडली तेव्हा फोटो काढायला बंदी होती, २०१६ ला ती गुपचूप नौदलात आली, सरकारने जाहीर केलं नाही, पेपरांनी छापलं, आणि नोव्हेंबर २०१८ ला पंतप्रधानांनी सांगितलं की तिची पहिली गस्त पूर्ण झाली. मला हे पटतं. अशा पाणबुडीचा सगळा जोर ती कुठे आहे हे कोणाला न कळण्यावर आहे, तेव्हा गप्प राहिले ते बरोबर, आणि गस्त झाल्यावर एकदाच बोलले तेही बरोबर, कारण शत्रूला ती आहे हे कळल्याशिवाय तिचा धाक बसत नाही. म्हणजे जमतं आपल्याला. ठरवलं की जमतं.

हे सगळं एका तोंडाने बोलायचं म्हटलं की लोक म्हणतात सरकारला खोटं बोलायला सोपं जाईल. ही शंका खरी आहे आणि तिचं सगळ्यात मोठं उदाहरण ऑगस्ट १९४५ चं आहे. अमेरिकेने त्या वेळी जी तयारी केली तशी शिस्त मी दुसरीकडे वाचलेली नाही. १९४३ च्या क्वेबेक करारात अमेरिका आणि ब्रिटनने लिहूनच ठेवलं होतं की एकमेकांच्या संमतीशिवाय तिसऱ्या कोणाला माहिती द्यायची नाही. न्यूयॉर्क टाइम्सचा विज्ञान वार्ताहर विल्यम लॉरेन्स याला अणुबॉम्ब प्रकल्पाचा प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज याने आधीच आत घेतलं होतं आणि बॉम्बची पहिली चाचणी कशीही झाली तरी द्यायला वेगवेगळी निवेदनं लिहून तयार होती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचं निवेदन बॉम्ब पडायच्या आधी लिहून झालं होतं, ६ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये सकाळी ११ वाजता ते वाटलं तेव्हा ट्रुमन स्वतः अटलांटिक समुद्रात जहाजावर होता. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये नवा पंतप्रधान ॲटली याने आधीच्या पंतप्रधानाने, चर्चिलने, लिहून ठेवलेलं निवेदन काढलं, कॅनडानेही आपलं काढलं. १२ ऑगस्टला स्माइथ अहवाल आला, बॉम्ब कसा बनला याचा जाडजूड अहवाल, आणि त्याचा एक हेतू असा की शास्त्रज्ञांना कळावं की एवढंच बोलायचं, याच्या पलीकडे नाही. तीन देश, एक सूर, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आणि तरी त्यात काय होतं? हिरोशिमा हा महत्त्वाचा लष्करी तळ आहे असं लिहिलं होतं. लष्कराचं मुख्यालय तिथे होतं हे खरं, पण ते लाखो लोकांचं शहर होतं आणि त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. बॉम्बची ताकद २० हजार टनांपेक्षा जास्त सांगितली, ती साधारण १५ हजार निघाली, ती चूक एकवेळ समजू शकतो. किरणोत्सर्गाची गोष्ट मात्र वेगळी. सप्टेंबरमध्ये विल्फ्रेड बर्चेट हा पत्रकार एकटा हिरोशिमाला पोचला आणि त्याने लिहिलं की माणसं कुठल्यातरी अज्ञात रोगाने मरतायत, तेव्हा ग्रोव्ह्जने काय केलं तर पत्रकारांना न्यू मेक्सिकोच्या चाचणीच्या जागेवर नेलं आणि जपानी लोक सांगतात तसं काही नाही हे दाखवलं, आणि तोच लॉरेन्स, पेपरचा पण माणूस आणि सरकारचा पण माणूस, त्याने ते तसंच छापलं.

त्याच न्यू मेक्सिकोत १६ जुलै १९४५ च्या पहाटे पहिली चाचणी झाली होती. एवढा उजेड पडला, दूरदूरच्या घरांच्या काचा हादरल्या, आणि अलामोगोर्डोच्या हवाई तळाने आधीच लिहून ठेवलेलं निवेदन दिलं की दारूगोळ्याचं एक कोठार उडालंय, कोणी मेलेलं नाही. युद्ध चालू होतं, त्या दिवशी ते लपवलं हे मी समजू शकतो, मी पण लपवलं असतं. पण महिन्याभरात हिरोशिमा झालं, गुपित संपलं, तरीसुद्धा आसपासच्या गावांत जाऊन, तुमच्या टाकीतल्या पाण्यात आणि गायींच्या चाऱ्यात काय पडलंय, असं कोणी सांगितलं नाही. अमेरिकेत अशा लोकांना भरपाई द्यायचा कायदा १९९० मध्ये झाला, त्यात नेवाडाच्या चाचण्यांजवळचे लोक आले, न्यू मेक्सिकोचे नाही आले, त्यांचं नाव त्या कायद्यात आलं २०२५ मध्ये. ८० वर्षं. ज्यांच्या आया-आज्या कॅन्सरने गेल्या त्यांनी अर्ज-विनंत्या करण्यात आयुष्य घालवलं. कोठार उडालं हे एक वाक्य मागे घ्यायला एवढा वेळ लागला.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या इस्टेटमधली एक दुपार आठवली. कुठला कारखाना, कुठलं साल हे लिहीत नाही, उपयोग नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर मोठा आवाज झाला, खिडक्या हलल्या, मग भोंगा. मी तेव्हा नाइटला होतो म्हणून घरी होतो. गेटवर बायका जमल्या, प्रत्येकीचा माणूस आत. गेटवरचा माणूस म्हणाला काही नाही, टेस्टिंग आहे. तासाभराने दुसरा कोणी म्हणाला की छोटी आग आहे. अँब्युलन्स बाहेर पडली तेव्हा कोणी काहीच बोलेना. रात्री नऊला कळलं की दोघं गेले. त्यातल्या एकाची बायको दुपारी माझ्या बायकोला म्हणाली होती, टेस्टिंग आहे म्हणतायत, मी पोळ्या करून येते. ती घरी गेली, पोळ्या केल्या, डबा घेऊन परत गेटवर आली. आत काय बनत होतं हे तिला नकोच होतं हो. शेलचा नंबर, दारूचं वजन, काही नको होतं. तिला एवढंच हवं होतं की गेटवरचा माणूस जे सांगतोय ते खरं असावं, आणि खरं माहीत नसेल तर माहीत नाही असं त्याने म्हणावं.

पोखरणजवळच्या खेतोलाई गावातल्या लोकांनाही ११ मेला घराबाहेर मोकळ्यावर थांबायला सांगितलं होतं, कारण काय ते नंतर कळलं, घरांना तडे गेले. चाचणीआधी सांगता येत नव्हतं हे मान्य. पण नंतर तिथे जाऊन सगळ्यांसमोर मोजमापं ठेवायची, पाणी तपासलं, जमीन तपासली, हे आकडे, दर वर्षी एकदा, हे जमण्यासारखं होतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि सरकार कुठल्याही पक्षाचं असो त्याला लागू आहे. नव्या शस्त्राबद्दल काय बोलायचं हे ठरवणारी एकच जागा असावी, संरक्षण, परराष्ट्र, अणुऊर्जा, डीआरडीओ आणि तिन्ही दलं मिळून. ती जागा बोलेपर्यंत मंत्री, मुख्यमंत्री, रिटायर झालेले प्रमुख, कोणीही स्टेजवर बोलू नये. अपघात झाला तर पहिलं निवेदन समोरच्या देशाच्या आधी आपलं यावं आणि त्यात कळलेलं तेवढंच असावं, कारण नंतर. बंगालच्या उपसागरात चाचणी असली की विमानांना सूचना जाते, ती इंटरनेटवर कोणीही बघतं आणि कुठलं मिसाइल आहे याचा अंदाज बांधतं, तेव्हा ते गुपित आहे असं मानून गप्प बसण्यात अर्थ नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीचं चुकलं असेल तर त्याच जागेवरून, त्याच आवाजात, आम्ही अमुक तारखेला अमुक बोललो होतो ते चुकीचं होतं, असं यावं. २६/११ ला वाहिन्यांनी ताज-ओबेरॉयचं थेट प्रक्षेपण केलं, सुप्रीम कोर्टाने पुढे त्यांना झापलं, आणि आता केबल टीव्हीच्या नियमात आहे की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना नेमलेला अधिकारी ठराविक वेळाने सांगेल तेवढंच दाखवायचं. वाहिन्यांना ही शिस्त लावता आली तर सरकारला स्वतःला लावून घेता येईल. ते नियम मुंबईच्या रक्तातून आलेत हे विसरू नका.

एक विनंती तुम्हाला पण आहे, रागावू नका. तुमच्या पेपरात सूत्रांनी सांगितले असं लिहून मिसाइलची रेंज, वेग, कुठे तैनात होणार हे सगळं पहिल्या पानावर येतं. ते सूत्र कोण, त्याला बोलायचा अधिकार आहे का, हे वाचकाला कळत नाही. निदान एवढं करा की अधिकृत निवेदन कुठलं आणि ऐकीव कुठलं हे वेगळ्या चौकटीत छापा, निवेदनाची तारीख आणि कुठल्या खात्याचं ते लिहा. आणि सहा महिन्यांनी सरकारचं म्हणणं बदललं तर जुनं निवेदन शेजारी छापा. २०२२ च्या मार्चचं आणि ऑगस्टचं निवेदन मी कात्रणं करून एकाच वहीत चिकटवलंय, पानं समोरासमोर आहेत, हवी असतील तर झेरॉक्स पाठवतो.

आपला,
दारूगोळा कारखान्यातला एक निवृत्त कामगार
खडकी, पुणे